सेल्फचा एक सेकंद आणि रात्रीचे बारा तास

मोटारसायकलची बॅटरी काढून तिच्या जागी सुपरकपॅसिटर बसवले तर चालते का, हा प्रश्न हल्ली गॅरेजच्या बाकावर वरचेवर निघतो. उत्तर देणारे दोन्ही बाजूंना तयारच असतात. एक सांगतो, आता आयुष्यभर बॅटरीचे नाव काढायला नको. दुसरा सांगतो, दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत आणावी लागते. दोघांनीही आपापल्या गाडीवर पाहिलेले खरेच सांगितलेले असते. गाडी कोणती, तिला किक आहे की नाही, ठिणगीची वीज कुठून येते आणि दोन फेऱ्यांमध्ये ती किती वेळ उभी राहते, एवढ्यावर उत्तर पालटते. त्या पालटण्याचा हिशेब मराठीत, गॅरेजमध्ये वाचता येईल अशा भाषेत मांडावा, म्हणून हे पुस्तक.

गाडी बॅटरीकडे दोन अगदी वेगळी कामे मागते. सेल्फचे बटण दाबले की सेकंदभर पन्नास-साठ अँपिअरचा लोंढा लागतो. मग गाडी बंद करून आपण घरात गेलो की मीटरमधले घड्याळ, ईसीयूची म्हणजे इंजिनच्या संगणकाची स्मृती, कोणी बसवला असेल तर अलार्म, यांना रात्रभर एक-दोन मिलीअँपिअरची बारीक धार लागते. पहिल्या कामाला ताकद हवी, दुसऱ्याला साठा. शिसे आणि आम्लाची बॅटरी दोन्ही कामे बऱ्यापैकी करते, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकून आहे. सुपरकपॅसिटर पहिले काम तिच्याहून सरस करतो आणि दुसऱ्यात फार लवकर दमतो. या पुस्तकाचा आग्रह एकच आहे : आपल्या गाडीचे दुसरे काम मोजावे, आणि मगच पहिल्याचा विचार करावा.

हे मी अर्नाळ्यात बसून लिहितो आहे, आणि या विषयात जागेला महत्त्व आहे. वैतरणेच्या मुखाजवळचे हे गाव. समोर किल्ल्याचे बेट, मागे आगाशी, बोळिंज आणि मग विरार. पहाटे मासळीचे खोके मागे बांधून निघालेली गाडी आठ-दहा किलोमीटरवर विरार स्टेशनला थांबते. वाडीतली भाजी, फुले, केळी नेणाऱ्याची फेरीही तेवढीच. एवढ्या अंतरात चार ठिकाणी गाडी उभी राहते, पुन्हा सेल्फ मारावा लागतो आणि आगाशीच्या अरुंद रस्त्यात इंजिन नुसते रेंगाळत असते, तेव्हा मॅग्नेट कॉईल पुरेशी वीज देत नाही. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत पटकन भरते, पण वरचे वीस टक्के भरायला तिला तास लागतात. वीस-पंचवीस मिनिटांच्या फेरीत ते कधीच भरत नाहीत. अर्धपोटी राहिलेल्या प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक धरतात, कडक होतात आणि पुढच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. 'बॅटरी उतरली' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती उतरलेली नसून हळूहळू दगडावलेली असते.

त्यात खारा वारा. एका पावसाळ्यानंतर इथल्या एखाद्या गाडीचे सीट काढून पाहा. धन टोकावर पांढरट भुकटी, थिंबलच्या कडेला हिरवट-निळी साय, आणि दहा नंबरचा पाना लावला की बोल्ट फिरण्याऐवजी त्याची कडाच झिजते. थिंबल वर ओढले की वायरचे तांब्याचे धागे काळे पडून त्यातले अर्धे तुटून हातात येतात. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके धुतली, पॉलिश पेपर मारला, नवे थिंबल दाबून व्हॅसलीन लावले, की अशा गाड्यांतल्या कित्येक त्याच जुन्या बॅटरीवर पुन्हा सेल्फ घेतात. म्हणून सुपरकपॅसिटरवरच्या या पुस्तकाचे पहिले प्रकरण थिंबल, अर्थिंग आणि मल्टीमीटर यांच्यावर आहे. गंजलेल्या जोडावर कितीही चांगला कपॅसिटर बसवला तरी साठ अँपिअर त्या जोडातूनच जायचे आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे उभे राहणे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मासळीवर चालणाऱ्या काही गाड्या ताडपत्रीखाली जातात. किल्ल्याच्या बेटावर राहणाऱ्यांना होडीने जावे लागते, त्यांची गाडी किनाऱ्यावरच राहते. शिशाच्या बॅटरीला असे उपाशी उभे राहणे मारक ठरते. सुपरकपॅसिटर पूर्ण शून्यावर गेला तरी त्याचे काही बिघडत नाही, भरला की तो पुन्हा पहिल्यासारखा. पण त्याला भरायचे कशाने, हा प्रश्न त्या दिवशी गाडीवाल्यासमोर उभा राहतो. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे, कारण या विषयातला सर्वांत फसवा खड्डा तिथेच आहे.

आपल्याकडच्या दुचाकीत बॅटरीला इतके महत्त्व नेहमीच नव्हते. १९७२ साली आलेल्या लुनाला बॅटरी नव्हती, आणि जुन्या चेतकांपैकी बऱ्याच बॅटरीविनाच धावल्या. फ्लायव्हील मॅग्नेटोमधून ठिणगी आणि दिवा दोन्ही मिळत, रेस वाढवली की दिवा उजळे, कमी केली की मंद होई. बुलेट आणि येझदीसारख्या गाड्यांत पॉइंट, कॉईल आणि बॅटरी अशी जुळणी होती. बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर अँपिअर मीटर होता आणि जुना मिस्त्री त्याचा काटा पाहूनच चार्जिंगचे निदान करी. यामाहा आरएक्स १०० आणि पुढे हिरो होंडा स्प्लेंडर यांच्या पिढीने सीडीआय ही पॉइंटवाचून ठिणगी देणारी पद्धत घरोघरी नेली. तिथे ठिणगीची वीज मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉईलमधून येई, त्यामुळे बॅटरी मेली तरी किकवर गाडी निघे, हॉर्न आणि इंडिकेटर तेवढे गप्प राहत. याच काळात पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर आणलेल्या स्कूटरने मध्यमवर्गीय घराला सेल्फची सवय लावली. पल्सरच्या पिढीपासून मोटारसायकललाही सेल्फ नसला तर गिऱ्हाईक नाक मुरडू लागले.

खरी उलथापालथ मात्र गेल्या दशकातली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागू लागला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक आले आणि बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. आता चावी फिरवली की आधी पंपाने दाब धरायचा, ईसीयूने सेन्सर वाचायचे, मग स्टार्टरने फिरायचे, आणि हे सगळे बॅटरीच्या जोरावर. अनेक मोटारसायकलींची किकही याच काळात गेली. पन्नास वर्षांत बॅटरी गाडीच्या कडेवरून तिच्या मधोमध येऊन बसली. बॅटरीला पर्याय शोधणाऱ्यांची गर्दी आत्ताच का झाली, ते इथे कळते.

कपॅसिटरची वंशावळ बॅटरीपेक्षा जुनी आहे. वीज साठवणारी लायडेनची बरणी १७४५-४६ सालची, व्होल्टाची बॅटरी १८०० ची, आणि गास्तों प्लांते यांची पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी १८५९ ची. साध्या कपॅसिटरमध्ये दोन पत्र्यांच्या मध्ये विद्युतरोधक असतो. पत्रे जितके मोठे आणि त्यांच्यातले अंतर जितके कमी, तितका साठा जास्त. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये दाखवले, की घन पृष्ठभाग द्रवात बुडवला की त्या सीमेवर विरुद्ध प्रभारांचे दोन थर आपोआप समोरासमोर उभे राहतात आणि त्यांच्यातले अंतर रेणूच्या आकाराएवढे असते. म्हणजे पत्र्यांतले अंतर निसर्गानेच कमीत कमी करून ठेवले होते, प्रश्न उरला पृष्ठभाग वाढवण्याचा. त्याचे उत्तर सच्छिद्र कोळसा. चांगल्या सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग दडलेला असतो, आणि सुपरकपॅसिटरसाठी जगभर वापरला जाणारा असा कोळसा नारळाच्या करवंट्यांपासूनही बनतो. नारळाच्या वाड्यांमध्ये राहणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

१९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांनी सच्छिद्र कोळशाच्या कपॅसिटरचे पेटंट घेतले. १९६६ मध्ये सोहायो या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेने त्याला आणखी व्यवहार्य रूप दिले, आणि जपानच्या एनईसीने १९७० च्या दशकात ते बाजारात आणले. तेव्हा काम होते छोटे : संगणकाची स्मृती वीज गेल्यावर टिकवणे. याच सुमारास कॅनडात ब्रायन कॉनवे यांनी रुथेनियम ऑक्साइडवर दुसरी वाट उघडली. तिथे प्रभार नुसता पृष्ठभागावर चिकटत नाही, अतिशय जलद अशी रासायनिक देवघेवही होते. त्यातून संशोधनाची दोन घराणी झाली, एक कोळशाचे आणि एक ऑक्साइडचे. दुसऱ्या घराण्यात कोल्हापूरचे नाव आदराने घ्यावे लागते. शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक पद्धतीने, फार महागड्या यंत्रांवाचून, धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर जमवून त्यांवर वर्षानुवर्षे काम केले. पहिल्या घराण्यात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कडुनिंब आणि अशोकाच्या वाळलेल्या पानांपासून सुपरकपॅसिटरचा कोळसा करून दाखवला. पुण्यातच स्पेल टेक्नॉलॉजीजने सुपरकपॅसिटर बनवायला घेतले, आणि केरळात केल्ट्रॉनने इस्रोच्या साहाय्याने कन्नूरला उभारलेला कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. हे सांगायचे कारण, मोटारसायकलवाल्यांच्या चर्चेत हा पदार्थ परदेशी खोक्यातून आलेली जादू असल्यासारखा बोलला जातो. त्यामागच्या विज्ञानाचा काही भाग आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी, मराठी बोलणाऱ्या मुलामुलींनीही केला आहे.

मोठ्या उद्योगाने तो कुठे वापरला ते पाहिले तर त्याचा स्वभाव लगेच कळतो. एअरबस ए-३८० च्या दारांच्या आणीबाणीच्या यंत्रणेत तो आहे. शांघायमध्ये २००६ पासून थांब्याथांब्यावर काही क्षणांत भरून घेणारी बस धावली. पेजो-सित्रोएनने २०१० च्या सुमारास सिग्नलला बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या डिझेल गाड्यांत स्टार्टरच्या मदतीला तो दिला, आणि शेजारी बॅटरी तशीच ठेवली. सगळीकडे काम थोड्या वेळाचे, जोराचे, वारंवारचे. ज्या मोटार कंपनीकडे शेकडो अभियंते होते तिनेही बॅटरी पूर्णपणे काढली नाही, हे मला सूचक वाटते.

आता हिशेब. प्रस्तावनेत आकडे नकोत असा संकेत आहे, पण या पुस्तकाचा जीव आकड्यांत आहे आणि ते तिसरी-चौथीच्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाहीत. मोटारसायकलसाठी सर्वसाधारणपणे २.७ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडतात. सहाची बेरीज १६.२ व्होल्ट होते, म्हणजे रेग्युलेटर १४.४ व्होल्ट देत असेल तर प्रत्येक सेलवर २.४ येतात आणि वर थोडी मोकळीक उरते. पण एकापुढे एक जोडल्यावर साठा वाढत नाही, सहाने भागला जातो. सेल ३५० फॅरडचे असतील तर बँक, म्हणजे सहा सेलांची ही माळ, ५८ फॅरडची. एक अँपिअर एक सेकंद वाहिला तर ५८ फॅरडच्या बँकेचा दाब एका व्होल्टच्या अठ्ठावन्नाव्या भागाने उतरतो. हे एवढे लक्षात ठेवले की बाकी सगळे कागदावर निघते.

सेल्फ साठ अँपिअर घेत असेल तर एका सेकंदाला साधारण एक व्होल्ट उतरेल. १३.५ वरून सुरुवात केली तर १० व्होल्टपर्यंत जाईतो तीन सेकंद हातात आहेत, आणि सेलच्या आतल्या रोधापायी प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. चांगले इंजिन एका सेकंदात घेते, तेव्हा हे पुरते. आता रात्र. गाडी बंद असताना दोन मिलीअँपिअर जात असतील तर बारा तासांत दीड व्होल्ट उतरतो, पूर्ण दिवसाला तीन. शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी पहाटे सेल्फ घेणार नाही. पाच अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीला तेच दोन मिलीअँपिअर कागदावर शंभर दिवस पुरतात. आणि चावी चालू राहून पाच वॅटचा पार्किंगचा दिवा पेटलेला राहिला, तर कपॅसिटरचे तीन व्होल्ट सात-साडेसात मिनिटांत संपतात, बॅटरी त्यावर काही तास काढते. एकूण ऊर्जेत बोलायचे तर १४ व्होल्टला भरलेल्या या बँकेत दीड वॅट-तासाच्या आसपास साठा असतो आणि त्या छोट्या बॅटरीत साठ. एवढी तफावत असूनही गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, कारण तिला सुरू व्हायला लागणारी ऊर्जा मुळातच फार थोडी असते.

या हिशेबातून मोटारसायकलच्या जगात चार-पाच पंथ निघाले आहेत, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो.

सर्वांत जुना पंथ बॅटरी-विरहितांचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या लुकासने निळ्या डब्यातला एक कपॅसिटर विकायला काढला. शर्यतीच्या ब्रिटिश गाड्या तो लावून बॅटरीवाचून किकवर सुरू होत. हा सुपरकपॅसिटर नव्हे, साधा इलेक्ट्रोलिटिक, फॅरडचा काही हजारावा भाग. तो काही साठवत नाही, किकच्या लाटा फक्त सपाट करतो. जुन्या किकवाल्या गाडीला आजही हा उपाय उत्तम आहे आणि स्वस्तही, पण सेल्फ विसरावा लागतो.

दुसरा पंथ निव्वळ सुपरकपॅसिटरवाल्यांचा, ज्यांच्यामुळे हे पुस्तक लिहावे लागले. त्यांचे दावे पुष्कळ अंशी बरोबर आहेत. वजन कमी, लाखो वेळा भरता-रिकामे करता येते, पाच अँपिअरच्या चार्जिंगवर रिकामी बँक अडीच मिनिटांत भरते, आणि रेग्युलेटरमधून येणारा खडबडीत प्रवाह असा गुळगुळीत होतो की इंडिकेटर लुकलुकला तरी हेडलाइट हलत नाही. आता तो खड्डा. किकवाल्याला वाटते, बँक रिकामी झाली तर किक आहेच. पण मॅग्नेटमधून जे काही येते ते आधी ५८ फॅरडचा रिकामा हंडा गिळतो. जोवर तो भरत नाही तोवर दाब शून्याच्या आसपासच राहतो, आणि ईसीयू किंवा बॅटरीवर चालणारे सीडीआय त्या दाबावर जागे होत नाही. म्हणजे बॅटरी पूर्ण काढून टाकलेली गाडी एखाद वेळ किकवर निघेल, पण रिकामा सुपरकपॅसिटर जोडलेली निघणार नाही. मारा कितीही किका. ठिणगीची कॉईल वेगळी असलेल्या जुन्या गाड्या यातून सुटतात. इतरांनी बँकेच्या वायरीत एक मोठा स्विच घालावा, किंवा आठ पेन्सिल सेलांचा एक खोका जवळ ठेवून त्यावर बँक धीराने भरून घ्यावी. दोन्ही जोडण्यांचे चित्र पुस्तकात आहे.

तिसरा पंथ शेजार जमवणाऱ्यांचा : छोटी बॅटरी आणि तिला समांतर सुपरकपॅसिटर. लोंढा कपॅसिटरने द्यायचा, रात्रीची धार बॅटरीने. अर्नाळ्यासारख्या ठिकाणी, रोज धावणाऱ्या बीएस-६ गाडीसाठी, मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. मात्र त्याने सल्फेट धरणे थांबत नाही, आणि बॅटरीचा एखादा सेल आतून शॉर्ट झाला तर ती कपॅसिटरलाही दहा व्होल्टवर ओढून खाली बसवते. चौथा पंथ लिथियम आयर्न फॉस्फेटचा. सुपरकपॅसिटरची हौस असलेल्या कित्येकांना खरे तर तीच हवी असते : हलकी, जोरकस, आणि महिना-दोन महिने उभी राहणारी. शेवटचे जुन्या शिशाशी इमान राखणारे. महिन्यातून एकदा चार्जरला लावणे आणि टोके स्वच्छ ठेवणे एवढे ज्याला जमते, त्याने दुसरे काहीही करू नये असे मी बिनदिक्कत सांगतो.

पुस्तकाचा मोठा भाग पारख आणि जुळणी यांवर आहे, कारण तिथे पैसे बुडतात. बाजारात मिळणाऱ्या सेलवर छापलेला आकडा आणि आतला साठा यांची नेहमी गाठ पडतेच असे नाही. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एक सेल अडीच व्होल्टपर्यंत भरा. त्याच्या दोन टोकांना १ ओहमचा, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर लावा आणि मोबाइलवर वेळ सुरू करा. व्होल्टमीटर हळूहळू उतरेल. सेल खरोखर ३५० फॅरडचा असेल तर ०.९२ व्होल्टवर यायला ३५० सेकंद, म्हणजे सहा मिनिटांना दहा सेकंद कमी, लागतील. तीन मिनिटांत आला तर सेल १८० फॅरडचा आहे, छपाई काहीही म्हणो. रेझिस्टर तापतो, त्याला हात लावू नये. सहाही सेलांचे वेळ कागदावर लिहावे आणि एकमेकांच्या जवळचेच सेल एका बँकेत घ्यावेत. कमी साठ्याचा सेल सर्वांत आधी भरतो, २.७ च्या वर जातो, आतला द्रव विघटित होऊ लागतो, डब्याचे बूड फुगते आणि तो सेल मेला की उरलेल्या पाचांवर त्याचा भार पडतो. म्हणून प्रत्येक सेलवर बॅलन्सिंगची सोय लागते, आणि ती सोय स्वतः रात्रभर किती प्रवाह खाते हेही मोजावे लागते. सीटखालच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. तापमान दहा अंशांनी वाढले की या सेलांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, तेव्हा सायलेन्सरच्या बाजूला बँक बांधणे म्हणजे तिचे आयुष्य हाताने तोडणे.

धोक्याचे प्रकरण मी मुद्दाम लांबवले आहे. भरलेली बँक दिसायला निरुपद्रवी, बारा-चौदा व्होल्टची, हाताला झटकाही न देणारी. पण तिचा आतला रोध इतका कमी असतो, की टोकांवर पाना आडवा पडला तर सातशे अँपिअरच्या आसपास प्रवाह उसळू शकतो. बोटातली अंगठी त्या वाटेत आली तर काय होईल ते सांगायला नको. बॅटरीप्रमाणे बँकेलाही फ्यूज आणि टोकांवर रबरी टोप्या हव्यातच. बहुतेक सेलांत ॲसिटोनायट्राइल हा ज्वलनशील, विषारी द्रव असतो, तेव्हा फुगलेला सेल फोडून पाहायचा नाही आणि कचऱ्याबरोबर जाळायचा नाही. शिशाच्या जुन्या बॅटरीला निदान भंगारात किंमत आहे, ती परत जाते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. शिसे वाचते म्हणून सुपरकपॅसिटर पर्यावरणाला चांगला, असे सरसकट म्हणण्याआधी मेलेला सेल गावात कोण परत घेणार, याचे उत्तर मिळायला हवे.

इलेक्ट्रिक दुचाकी वाढत असताना पेट्रोलच्या गाडीच्या बॅटरीवर पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. २०२० नंतर घेतलेल्या बीएस-६ गाड्या आता वॉरंटीच्या बाहेर पडत आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात आहेत. त्या मालकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा खर्च झेपत नाही, तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये येतो, आणि त्या गॅरेजमधल्या मुलाने कार्ब्युरेटर उत्तम शिकलेला असला तरी गळणारे दोन मिलीअँपिअर कसे शोधायचे हे त्याला कोणी दाखवलेले नसते. तो व्हिडिओ पाहून सहा सेल मागवतो. त्याच्या हातात चांगले कसब असते, त्याला हिशेब मिळाला तर तो या विषयात माझ्याही पुढे जाईल अशी माझी खात्री आहे. आणि कपॅसिटरचा हा हिशेब ज्याला एकदा आला, त्याला उद्या इलेक्ट्रिक गाडीचा कंट्रोलर उघडल्यावर आतले कपॅसिटर परके वाटणार नाहीत.

म्हणून पुस्तकाची रचना मोजण्यापासून सुरू होते. मल्टीमीटर मिलीअँपिअरवर लावून बंद गाडीची गळती मोजणे, क्लॅम्प मीटरने सेल्फचा प्रवाह मोजणे, वेगवेगळ्या रेसवर रेग्युलेटरचा दाब मोजणे. त्यानंतर सेल, बॅलन्सिंग, बँकेची बांधणी, मेणबत्तीच्या मेणापासून इपॉक्सीपर्यंत खाऱ्या हवेपासून बचावाचे मार्ग, आणि शेवटी गाड्यांच्या प्रकारांनुसार वेगवेगळे सल्ले. ज्याला विज्ञानाची गोडी आहे त्याने हेल्महोल्ट्झपासून वाचावे, ज्याच्यासमोर गाडी उघडी पडली आहे त्याने थेट मोजमापांकडे जावे. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र वाचता येते, आणि मागे कोरी पाने ठेवली आहेत, त्यांवर आपल्या गाडीची गळती, सेल्फचा प्रवाह आणि चार्जिंगचा दाब तारखेसह लिहून ठेवता येईल.

काही गाड्यांसाठी मात्र या पुस्तकात बांधणीचे चित्र नाही, आणि ते मुद्दाम दिलेले नाही. एबीएसच्या पंपाला ब्रेक लागताना बॅटरीतून मोठा प्रवाह लागतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या स्कूटर बंद इंजिनावर दिवे आणि ईसीयू चालू ठेवून उभ्या राहतात. वॉरंटीतल्या गाडीत हात घातला की कंपनी हात वर करते. या तिन्ही प्रकारांत बॅटरी जागेवरच ठेवावी, फार तर तिला समांतर कपॅसिटर द्यावा, आणि तोही गळती मोजून झाल्यावर, फ्यूज घालून.